नोंदी वाचणारा पत्रकार

यान कुत्सियाक हे नाव मराठी वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. मध्य युरोपातल्या स्लोव्हाकिया या लहानशा देशात तो वार्ताहर होता. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी वेल्का माचा या गावात, डागडुजी चालू असलेल्या त्यांच्या घरात, त्याला आणि त्याची वाग्दत्त वधू मार्तिना कुश्नीरोवा हिला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. ती पुरातत्त्वज्ञ होती. दोघेही २७ वर्षांचे होते आणि ५ मे रोजी त्यांचे लग्न ठरले होते. या खुनाने देश रस्त्यावर आला, पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले आणि युरोपभर हळहळ व्यक्त झाली. त्यामुळे यानविषयी जे काही लिहिले आणि चित्रित केले गेले, त्यातले बरेचसे त्या रात्रीभोवती फिरते. हे पुस्तक त्या रात्रीच्या आधीच्या वर्षांकडे जाते. यानने नेमके काय काम केले, कसे केले, आणि ते काम कोणाला इतके का खुपले, हे ते सांगते. म्हणूनच ही प्रस्तावना मी आनंदाने लिहितो आहे.

संघटित गुन्हेगारीवरचे लेखन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टोळ्या येतात, खबरी येतात, चकमकी आणि टोपणनावे येतात. यानच्या कामात यातले जवळजवळ काहीच नव्हते. तो वाचायचा ते कंपन्यांचे नोंदणी दस्त, जमिनीचे उतारे, अनुदानाच्या याद्या, सरकारी कंत्राटे आणि न्यायालयांचे निकाल. एका कंपनीचा संचालक दुसऱ्या कोणत्या कंपनीत भागीदार आहे, तिचा पत्ता आणखी कितीजणांचा पत्ता आहे, कंपनी बुडायच्या आदल्या महिन्यात ती कोणाच्या नावावर झाली, असे प्रश्न तो विचारत राहायचा. उत्तरे बहुतेक वेळा सरकारी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असत. ती एकमेकांशेजारी मांडून बघण्याची चिकाटी मात्र फार थोड्यांकडे होती.

मे १९९० मध्ये देशाच्या वायव्येकडच्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. नित्रा शहरातल्या विद्यापीठात तो पत्रकारिता शिकला, तिथेच पुढे संशोधन करत विद्यार्थ्यांना शिकवूही लागला. काही काळ ‘होस्पोदार्स्के नोविनी’ या अर्थविषयक दैनिकात काम करून २०१५ मध्ये तो ब्रातिस्लाव्हातल्या ‘अक्तुआलिती’ या वृत्त संकेतस्थळाच्या शोधपत्रकारिता विभागात आला. सहकारी त्याचे वर्णन करतात ते शांत, मितभाषी, तक्त्यांत आणि आकड्यांत रमणारा मुलगा असे. वार्ताहराच्या धंद्यात आवाज मोठा असलेल्यांचे चटकन नाव होते. यानने आपली जागा मिळवली ती एकेक दस्त जोडत.

हे काम समजून घ्यायचे तर त्याचा देश थोडा ओळखीचा करून घ्यायला हवा. स्लोव्हाकियाची लोकसंख्या जेमतेम ५४ लाख. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची फाळणी होऊन हा देश स्वतंत्र झाला. २००४ मध्ये तो युरोपीय संघात गेला, २००७ च्या अखेरीस शेंगेन क्षेत्रात आला आणि २००९ पासून तिथे युरो चलन सुरू झाले. दहा-पंधरा वर्षांत सीमेवरची फाटके गेली, सीमाशुल्क गेले, चलनाची अदलाबदल गेली. व्यापारी, विद्यार्थी, मजूर सगळ्यांना त्याचा लाभ झाला. तसा तो टोळ्यांनाही झाला. पैसा एका दिवसात चार देशांतून फिरू लागला. पोलिसांची फाइल मात्र शेजारच्या देशात पाठवायची तर विनंतीपत्र, भाषांतर, मंजुरी आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे आलेच.

याच काळात स्लोव्हाकियाने एक चांगले पाऊलही उचलले. २०११ पासून तिथे सरकारी करार इंटरनेटवर प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलात येत नाही. २०१७ पासून सरकारी पैसा घेणाऱ्या कंपनीला आपला खरा मालक कोण हे नोंदवावे लागते. यानची सगळी पत्रकारिता या खुलेपणावर उभी होती. राज्यकर्त्यांनी दाखवण्यापुरती उघडलेली खिडकी म्हणा किंवा प्रामाणिक सुधारणा म्हणा, त्याने ती वापरली.

त्याचा एक मोठा विषय होता मूल्यवर्धित कराची लूट. युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याला माल विकला तर विक्रीच्या वेळी हा कर लागत नाही. घेणारा तो माल आपल्या देशात विकतो तेव्हा गिऱ्हाइकाकडून कर वसूल करतो आणि सरकारजमा करतो, असे अपेक्षित असते. लुटारू साखळीतली पहिली कंपनी कर वसूल करते आणि गायब होते. शेवटची कंपनी माल पुन्हा परदेशी पाठवते आणि कधीच भरल्या न गेलेल्या कराचा परतावा सरकारकडून मागून घेते. तोच माल, कधी कधी नुसता कागदावरचा माल, गोल गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला तिजोरीतून पैसे जातात. यात कुणाचे रक्त सांडत नाही, म्हणून लोकांना राग येत नाही. यानला तो येत असे, कारण हाच पैसा शाळांचा आणि दवाखान्यांचा असतो हे त्याला दिसत होते.

लादिस्लाव बाश्तेर्नाक या बांधकाम व्यावसायिकाच्या करप्रकरणावर त्याने सातत्याने लिहिले. याच माणसाच्या ‘बोनापार्त’ या संकुलात त्या वेळचे पंतप्रधान रॉबर्ट फित्सो भाड्याने राहत होते. बाश्तेर्नाकला पुढे करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली. दुसरे नाव होते मारियान कोचनर. राजकारण, पोलीस आणि न्यायव्यवस्था यांत ऊठबस असलेला हा धनाढ्य व्यावसायिक. ब्रातिस्लाव्हातल्या एका आलिशान निवासी संकुलातल्या संशयास्पद व्यवहारांवर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी यानचा लेख आला. त्यात कोचनरचे नाव होते. यानच्या हयातीत प्रसिद्ध झालेला तो शेवटचा लेख.

त्याच सुमारास त्याच्या हातात याहून मोठा विषय होता. इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रिया प्रांत आहे. तिथली ‘न्द्रांगेता’ ही माफिया संघटना युरोपात येणाऱ्या कोकेनच्या व्यापारातली एक प्रबळ शक्ती मानली जाते. ती नात्यागोत्यावर उभी आहे. काका, पुतणे, जावई, मेव्हणे अशी ही वीण असल्याने फुटीर मिळणे कठीण, आणि म्हणूनच पोलिसांना ती फार वर्षे भेदता आली नाही. अशा काही कुटुंबांतली माणसे पूर्व स्लोव्हाकियात येऊन शेती करू लागली होती. हे का, याचे उत्तर यानने नोंदींतूनच काढले. साम्यवादी राजवटीनंतर तिथे जमिनीची मालकी लहान लहान तुकड्यांत विखुरली. कित्येक मालक परगावी, कित्येकांचा पत्ता नाही. युरोपीय संघाचे शेती अनुदान मिळते ते कसत असलेल्या क्षेत्रावर, दर हेक्टरी. ज्याच्याकडे दांडगाई आहे आणि सरकारी कचेरीत ओळख आहे, त्याला दुसऱ्याच्या जमिनीवरही अनुदान उचलता येत होते. सातबाऱ्यावर एकाचे नाव, वहिवाट दुसऱ्याची आणि लाभ तिसऱ्याला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

अँतोनिनो वादाला हे या गटातले प्रमुख नाव. यानने त्याच्या कंपन्यांची साखळी उलगडली आणि एका टोकाला त्याला मारिया त्रोश्कोवा हे नाव सापडले. ती वादालाबरोबर एका कंपनीची सहसंस्थापक होती, आणि आता पंतप्रधानांच्या कार्यालयात सहायक होती. सरकारच्या सुरक्षा परिषदेचे सचिव विल्यम यासान यांचेही या वर्तुळातल्या लोकांशी व्यावसायिक संबंध निघाले. दोघांनीही गैरकृत्याचा आरोप नाकारला. पण इटलीतल्या पोलिसांच्या कागदांत ज्याच्याविषयी लिहिलेले आहे, अशा माणसाची भागीदार राहिलेली व्यक्ती देशाच्या सत्ताकेंद्रात बसलेली होती, ही बाब जनतेला कळणे आवश्यक होते.

इथे यानच्या कारकिर्दीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. हे काम तो एकट्याने करत नव्हता. स्लोव्हाकियाच्या नोंदी त्याला वाचता येत होत्या. इटलीतले न्यायालयीन कागद, टोळीच्या कुटुंबांचा इतिहास, तिथल्या पोलिसांचे अहवाल त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यासाठी ‘इरपी’ या इटालियन शोधगटातले पत्रकार त्याच्याबरोबर होते. प्राग इथे ‘इन्व्हेस्तिगात्से’ हे शोधकेंद्र चालवणाऱ्या पावला होल्त्सोवा या कामाचा दुवा होत्या. आणि या सगळ्यांना बांधणारी संस्था होती ‘ओसीसीआरपी’, संघटित गुन्हेगारी आणि भ्रष्टाचाराचा मागोवा घेणाऱ्या पत्रकारांचे जाळे. ड्र्यू सलिव्हन आणि पॉल रादू यांनी २००६ मध्ये, बाल्कन प्रदेशातल्या अनुभवातून ते उभारले. तिथल्या वार्ताहरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती: प्रत्येकाची बातमी आपल्या देशाच्या सीमेवर येऊन थांबते आणि गुन्हा पुढे निघून जातो. मग त्यांनी वेगवेगळ्या देशांतले दस्त एका जागी शोधता येतील असा संग्रह उभारला, बातम्या एकत्र तपासायचे आणि एकाच वेळी प्रसिद्ध करायचे ठरवले. चढाओढीवर पोसलेल्या आमच्या धंद्यात, हातातली बातमी दुसऱ्यासमोर उघडी ठेवणे ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांनी कधी बातमीदारी केली आहे त्यांना यातला त्याग कळेल.

धोक्याची चाहूल आधीपासून होती. सप्टेंबर २०१७ मध्ये कोचनरने यानला फोन केला. तुझ्याविषयी, तुझ्या आईवडिलांविषयी, भावंडांविषयी माहिती गोळा करणार आहे, असे बजावले. यानने रीतसर तक्रार केली. ४४ दिवस उलटले तरी आपले प्रकरण नेमके कोणत्या पोलिसाकडे आहे हेही समजत नाही, असे त्याला शेवटी जाहीरपणे लिहावे लागले. पुढे ते प्रकरण बंदच झाले. खुनानंतरच्या तपासात आणखी भयंकर गोष्टी निघाल्या. यानविषयीची माहिती पोलिसांच्या संगणकातून काढली गेली होती. त्याच्यावर पाळत ठेवली गेली होती. इटालियन शेतकऱ्यांच्या अनुदानाबद्दल त्याने माहिती अधिकारात अर्ज केले होते. अर्जदार कोण हे कचेरीतूनच फुटले असावे, अशी शंका त्याच्या सहकाऱ्यांनी बोलून दाखवली. नागरिकाने सरकारकडे विश्वासाने काही मागावे, आणि कदाचित त्या मागण्यातूनच त्याचे नाव बाहेर जावे, याहून मोठा विश्वासघात कोणता?

खुनानंतर लगेच, २८ फेब्रुवारी २०१८ रोजी, यानचा अपुरा राहिलेला लेख ‘अक्तुआलिती’ने प्रसिद्ध केला. त्याचे परदेशातले भागीदार तोच मजकूर त्याच वेळी छापत होते. ज्या विषयावर एका देशातल्या एका संकेतस्थळावर चार दिवस चर्चा झाली असती, तो विषय जगभर गेला. त्रोश्कोवा आणि यासान यांनी पदे सोडली. मार्चमध्ये गृहमंत्री रॉबर्ट कालिन्याक गेले, १५ मार्चला फित्सो यांनी राजीनामा दिला, नंतर पोलीसप्रमुखही गेले. ब्रातिस्लाव्हाच्या चौकात हजारो माणसे जमली. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट उलथली, त्यानंतर एवढी गर्दी देशाने पाहिली नव्हती. त्यांची मागणी साधी होती: देश सभ्य असावा. वादालाला इटलीच्या वॉरंटवर अटक होऊन मादक पदार्थांच्या प्रकरणात त्या देशाच्या हवाली करण्यात आले.

सुरुवातीला सगळ्यांची नजर इटालियनांवर होती. तपास मात्र वेगळ्या दिशेला गेला. गोळ्या झाडणारा माजी सैनिक मिरोस्लाव मार्चेक याने गुन्हा कबूल केला. त्याला आधी २३ आणि मग वाढवून २५ वर्षांची शिक्षा झाली. त्याचा साथीदार, माजी पोलीस तोमाश साबो यालाही २५ वर्षे झाली. मध्यस्थ झोल्तान आंद्रुश्को १५ वर्षांसाठी आत गेला. सुपारी कोणी दिली हा प्रश्न मात्र न्यायालयात लटकत राहिला. सरकारी पक्षाचा आरोप कोचनरवर आहे, तो त्याने नाकारला आहे. २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने त्याला सोडले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. २०२३ मध्ये त्याला पुन्हा सोडून त्याची निकटवर्ती अलेना झुझोवा हिला दोषी धरले गेले; २०२५ मध्ये तोही निकाल रद्द होऊन खटला परत खाली आला. बनावट वचनचिठ्ठ्यांच्या वेगळ्या प्रकरणात कोचनरला १९ वर्षांची शिक्षा झाली आहे. यानच्या आईवडिलांसाठी न्याय अजून पूर्ण झालेला नाही.

पत्रकारांनी मात्र निकालाची वाट पाहिली नाही. कोचनरच्या फोनमधले संदेश आणि तपासाचे कागद यांची सुमारे ७० टेराबाइटची प्रत त्यांच्या हाती आली. यानच्या नावाने स्थापन झालेल्या शोधकेंद्राने एका बंदिस्त, पहाऱ्यातल्या खोलीत ती ठेवली आणि एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तसंस्थांच्या वार्ताहरांना तिथे येऊन वाचण्याची मुभा दिली. खासगी आयुष्याशी संबंधित मजकूर बाजूला ठेवून सार्वजनिक हिताचा तेवढा घ्यायचा, असा दंडक होता. या वाचनातून आणि तपासातून न्यायव्यवस्थेतली सडलेली जागा दिसली. न्याय खात्याच्या एका राज्य सचिवांना पद सोडावे लागले, आणि मार्च २०२० मध्ये अनेक न्यायाधीशांना अटक झाली. एका वार्ताहराला गप्प करून जे झाकायचे होते, त्याच्या कितीतरी पट अधिक उघडे पडले.

म्हणून हे पुस्तक मी शौर्यकथा म्हणून वाचत नाही. यान शूर होता यात शंकाच नाही. पण शौर्याने त्याला वाचवले नाही, आणि त्याचे काम टिकले ते शौर्यामुळे नव्हे. ते टिकले कारण त्याने ते इतरांच्या हाती आधीच दिले होते, आणि कारण ज्या नोंदींवरून त्याने निष्कर्ष काढले त्या दुसऱ्या कोणालाही उघडून तपासता येत होत्या. सीमेपलीकडे पसरलेल्या गुन्ह्याचा पाठलाग करणाऱ्याला दोनच गोष्टी खरे बळ देतात: खुले दस्तऐवज आणि सीमेपलीकडचा सहकारी. जिथे या दोन्ही नसतात तिथे पत्रकार एकटा पडतो, आणि एकट्याला संपवले की बातमीही संपेल असा हिशेब गुन्हेगार करतो.

हा हिशेब महाराष्ट्रानेही पाहिला आहे. ११ जून २०११ रोजी पवईत ज्योतिर्मय डे यांची भरदिवसा हत्या झाली. मुंबईच्या गुन्हेगारी जगाविषयी वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या या पत्रकाराच्या खुनाचा हुकूम देशाबाहेर बसलेल्या छोटा राजनने दिला होता. २०१५ मध्ये तो बालीत पकडला गेला, भारतात आणला गेला, आणि मे २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला व इतर आठजणांना जन्मठेप दिली. स्लोव्हाकियात चौकांत माणसे जमत होती त्याच वसंतातली ही गोष्ट. त्याआधी, १३ जानेवारी २०१० रोजी, तळेगाव दाभाडे इथे माहिती अधिकारातून जमिनीच्या व्यवहारांचा शोध घेणारे सतीश शेट्टी मारले गेले. डे पत्रकार होते, शेट्टी कार्यकर्ते. पण दोघांनीही जे लोकांपुढे आणले ते माहीत असण्याचा लोकांना हक्कच होता. २०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने माध्यमकर्मींवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तो हवाच होता. पण मारणाऱ्याला शिक्षा करणे हे संरक्षणाचे शेवटचे टोक झाले. पहिले टोक म्हणजे माहिती मागणाऱ्याचे नाव न फुटणे, तक्रारीची त्याच आठवड्यात दखल घेतली जाणे, आणि नोंदी उघड्या राहणे.

आणि नेमक्या या नोंदी आज मिटत चालल्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नोंदवही सर्वसामान्य जनतेसाठी खुली ठेवण्याची तरतूद खासगीपणाच्या कारणावरून रद्द केली. त्यानंतर अनेक देशांनी त्या नोंदवह्यांना कुलपे लावली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातली वैयक्तिक माहितीबाबतची सूट अधिक रुंद केली. स्लोव्हाकियात २०२३ मध्ये फित्सो पुन्हा सत्तेवर आले आणि २०२४ मध्ये, भ्रष्टाचाराची व संघटित गुन्हेगारीची प्रकरणे हाताळणारे विशेष सरकारी वकील कार्यालय बरखास्त झाले. यानच्या खुनाचा खटला याच कार्यालयाने उभा केला होता. खासगीपणाचा हक्क मोलाचा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण जनतेच्या पैशावर अनुदान घेणाऱ्या कंपनीचा मालक कोण, ही कोणाचीही खासगी बाब असू शकत नाही.

या पुस्तकाच्या वाचकांत पत्रकारितेचे विद्यार्थी असतील. त्यांना माझे सांगणे एवढेच की यानची पद्धत शिकण्यासारखी आहे आणि ती शिकता येते. कंपनीचा दस्त कसा वाचायचा, फेरफार नोंद कशी मागायची, मिळालेली माहिती दोन ठिकाणी का ठेवायची, आणि दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्यावर विश्वास कसा टाकायचा, हे पुढच्या प्रकरणांत पुरेशा तपशिलाने आले आहे. जे पत्रकार नाहीत त्यांनाही या कामात वाटा आहे. माहिती अधिकारात कपात होते तेव्हा आवाज उठवणे, कोणा वार्ताहराला धमकी आली की ती त्याची खासगी अडचण न मानणे, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या शोधाला पैसे मोजून वाचक होणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. यानला त्याच्या हयातीत हे सगळे मिळाले असते तर कदाचित आज तो नित्राच्या वर्गात मुलांना शिकवत असता. इथल्या पुढच्या पत्रकाराला तरी ते वेळेवर मिळावे, यासाठी हे पुस्तक वाचले जावे आणि त्यावर बोलले जावे.